एकाची हाक, ऐकणारे फार

रातकिडा शोधायला निघालेला माणूस मोठा बघण्यासारखा असतो. रात्रीची जेवणं उरकलेली, भांडी पालथी घातलेली, अंथरुणं पडलेली, आणि धान्याच्या कोठीमागं नाहीतर चुलीपाशी रचलेल्या पऱ्हाट्यांत बसून एकजण किर्र लावतो. घरातलं कर्तं माणूस थोडा वेळ सोसतं, मग एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन उठतं. कोठीशी जावं तर आवाज दाराकडून येतो, दाराशी जावं तर आढ्यातून येतो, आणि आता सापडलाच म्हणून खाली वाकावं तर एकदम सामसूम. पाऊल मागं घेतलं की पुन्हा किर्र. बेला-जैनथकडच्या, पैनगंगेच्या या अंगाच्या आमच्या गावांत दर पावसाळ्यात असा एखादा गडी निघतोच, की जो शेवटी चिडून कोठीच सरकवतो आणि रातकिड्याऐवजी तिथं विंचू बघून मुकाट अंथरुणात शिरतो.

यात त्या गड्याचा काही दोष नाही बरं का. माणसाला आवाजाची दिशा कळते ती दोन कानांमुळं. आवाज जाडा, खालच्या पट्टीतला असला तर तो एका कानाला जरा आधी आणि दुसऱ्याला जरा मागाहून पोचतो, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ताडतो. आवाज बारीक, वरच्या पट्टीतला असला तर आपलं डोकं मध्ये आडवं येतं, पलीकडच्या कानाला तो कमी ऐकू जातो, त्यावरून ताडतो. रातकिड्याचा सूर सेकंदाला चार-पाच हजार कंपनांचा. म्हणजे नेमका या दोन युक्त्यांच्या मधल्या फटीत बसणारा, जिथं पहिली नीट चालत नाही आणि दुसरीही अजून नीट सुरू झालेली नसते. त्यात पुन्हा तो सूर एकच, निखळ, भेसळ नसलेला. दिशा सांगणारी खरखर त्यात नाहीच. आणि तो एकदम गप्प होतो त्याचं कारण त्याच्या बुडाशी. तिथं दोन शेपट्या असतात, त्यांवर बारीक केस असतात, आणि हवा इतकुशी हलली तरी ते केस वाकतात. बेडकाची झेप किंवा गांधीलमाशीची झडप त्याला आधी कळते ती या केसांमुळं. चप्पल घेऊन येणारा माणूस म्हणजे त्याच्या मानानं वादळच.

लहानपणी आम्हाला वाटायचं, एवढा ओरडतो म्हणजे घसा केवढा असेल. पण बाप्पा, या प्राण्याला घसाच नाही. तो पंखांनी वाजवतो. उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला एक जाड शीर असते, तिच्यावर ओळीनं शंभर-दीडशे बारीक दाते. डाव्या पंखाच्या कडेला एक टणक धार. पंख थोडे उचलून मिटवले की ती धार दात्यांवरून सरकते, आणि पंखावरचा पातळ पडदा थरथरून तो नाद वाढवतो. अशा काही मिटण्या लागोपाठ पडल्या की झाला एक ठोका. उजवा पंख वर, डावा खाली, हा रातकिड्यांच्या घरचा रिवाज. गवतात बसणाऱ्या त्यांच्या हिरव्या, लांब मिशांच्या चुलतभावांकडं नेमका उलटा, डावा वर. का, ते त्यांना विचारा. आणि वाजवतो तो फक्त नर. मादीच्या पंखांवर हा सरंजामच नाही, तिच्या पोटाच्या टोकाला लांब टोकदार नळी असते, अंडी मातीत खोल घालण्यासाठी. म्हणजे रात्रभर सगळ्या वावरातून जो गलका उठतो तो एकजात नवरदेवांचा, आणि नवऱ्या सगळ्या गुमान बसून ऐकणाऱ्या.

ऐकणाऱ्या खऱ्या, पण कान कुठं? डोक्यावर नाहीत. पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. चालता चालता पाय टाकायचा आणि त्याच पायानं ऐकायचं, कुठल्या पायाला जास्त ऐकू येतं त्या अंगाला वळायचं. आपल्याला कोठीमागं सापडत नाही तो तिला अंधारात, ढेकळांतून, गवतातून, सरळ चालत जाऊन सापडतो. आता कोणी म्हणेल, ती कशावरून आवाजालाच जाते, वासावर जात असेल, डोळ्यांनी बघत असेल. ही शंका एका माणसाला शंभर वर्षांपूर्वी आली होती. योहान रेगेन म्हणून एक स्लोव्हेनियन प्राणिशास्त्रज्ञ व्हिएन्नात राहायचे. १९१३ साली त्यांनी काय करावं, तर एका ठिकाणी नराला टेलिफोनच्या तोंडाशी बसवला, आणि दूर दुसऱ्या ठिकाणी टेलिफोनचं ऐकण्याचं टोक ठेवून तिथं मादी सोडली. नर इकडं वाजवायला लागला आणि मादी तिकडं त्या यंत्राकडं चालायला लागली. वास नाही, रूप नाही, नुसता तारेतून आलेला सूर. आमच्याकडं तेव्हा, निजामाच्या राज्यात, टेलिफोन नावाची वस्तू किती जणांनी पाहिली असेल देव जाणे, आणि तिकडं रातकिडे त्यावर बोलणी करत होते.

मला स्वतःला याहून आवडते ती दुसरीच एक गोष्ट. हा नर स्वतःच्या कानापासून दोन बोटांवर, तासन् तास, एवढ्या जोरानं वाजवतो. तो बहिरा कसा होत नाही? केंब्रिजच्या जेम्स पौलेट आणि बर्थोल्ड हेडविग यांनी २००२ साली याचं उत्तर छापलं. पंख मिटण्याचा हुकूम मेंदूकडून निघतो तेव्हा त्याच हुकुमाची एक नक्कल ऐकण्याच्या नसांकडंही जाते, की बाबांनो, आता आवाज येईल तो आपलाच आहे, तेवढ्यापुरतं मनावर घेऊ नका. ठोका पडतो तेवढा क्षण तो स्वतःला कमी ऐकतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत शेजारचा काय म्हणतो ते मात्र नीट ऐकतो. ग्रामसभेत बोलायला उठणाऱ्या काही मंडळींना हे जमत नाही, पण तो विषय वेगळा.

शेजारचा काय म्हणतो हे ऐकणं त्याला भागच असतं, कारण शेजारी म्हणजे वैरी. नर आपल्या बिळाच्या तोंडाशी बसतो, आणि दुसरा नर तिथं आला की आवाज बदलतो: दूरवर पोचणारी हाक वेगळी, मादी जवळ आल्यावरचं हळू लाडीक वाजवणं वेगळं, आणि भांडणाची तीव्र किरकिर वेगळी. मग मिशांनी मिशा, जबड्यानं जबडा. हरलेला पाठ फिरवतो आणि बराच वेळ पुन्हा कोणाशी भिडत नाही. चीनमध्ये या झुंजी लावण्याचा शौक हजारभर वर्षांचा आहे. तेराव्या शतकात जिया सिदाओ नावाचा एक प्रधान होऊन गेला, त्यानं तर रातकिडे पाळण्या-लढवण्यावर पुस्तकच लिहिलं, आणि मंगोल फौजा राज्यावर चालून येत असताना हा रातकिड्यांत रमला होता म्हणून लोकांनी त्याला आजवर माफ केलेलं नाही. त्या शौकिनांची एक जुनी युक्ती अशी, की हरलेल्या रातकिड्याला ओंजळीत घेऊन हलवायचं आणि हवेत उडवून झेलायचं. तो पुन्हा लढायला तयार होतो. शहाण्या माणसांनी याला अंधश्रद्धा म्हटलं असतं. पण २००० साली हान्स हॉफमन आणि पॉल स्टीव्हनसन यांनी प्रयोग करून पाहिलं, तर खरंच, हरलेल्याला जरा उडायला लावलं की त्याची गेलेली रग परत येते.

रातकिड्याचं रक्त थंड, म्हणजे भोवतालची हवा जेवढी गरम तेवढंच त्याचं अंग गरम, आणि अंग गरम असेल त्या मानानं पंख हलणार. तेलंगणात थंडी उतरते ती आधी आमच्या आदिलाबादेत. पौषात केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते, मेस्राम कुळातली मंडळी गोदावरीचं पाणी अनवाणी चालत आणतात, तेव्हा रात्री शेकोटी सोडून हलावंसं वाटत नाही. त्या रात्री एखादा चुकार रातकिडा वाजत असलाच तर कान देऊन ऐका: एक ठोका, मग विचार, मग दुसरा ठोका. तोच भादव्यातल्या उकाड्यात नुसता सुसाट. अमेरिकेतल्या आमोस डॉल्बेअर नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १८९७ साली याचा हिशेबच मांडला आणि रातकिड्याचा थर्मामीटर करून टाकला. तिकडच्या झाडावरच्या एका रातकिड्याला हा हिशेब चांगला लागू पडतो: आठ सेकंदांत किती ठोके ते मोजायचे, त्यात पाच मिळवायचे, की झालं सेल्सिअसमधलं तापमान. पंधरा ठोके आले तर वीस अंश. आपल्या रातकिड्यांचा हिशेब जातीजातीप्रमाणं वेगळा पडतो, आणि काही तर ठोकेच मोजू देत नाहीत, सलग लावतात. तरी पोराटोरांनी शाळेतला थर्मामीटर घेऊन आपल्या अंगणातल्या रातकिड्याचं कोष्टक मांडायला काय हरकत आहे?

मग एक पेच येतो. थंडीत नर हळू वाजवणार, गरमीत भरभर. आणि मादी तर आपल्याच जातीचा नर त्याच्या ठेक्यावरून ओळखते. मग थंडीत तिनं त्याला परका का समजू नये? टॉमस वॉकर यांनी १९५७ साली झाडावरच्या रातकिड्यांवर हे तपासलं. निसर्गानं पेच आधीच सोडवून ठेवला होता. मादीचंही अंग तितकंच गार असतं, आणि तिच्या कानाची आवडही त्याच मापानं सरकते. गारठ्यात तिला हळू ठेका गोड लागतो, उकाड्यात जलद.

आता याचा जन्म कसा होतो ते सांगतो. आपल्याकडं दिसणारा मोठा काळाकुळकुळीत रातकिडा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेला, हा उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांत दडून राहतो. त्या भेगा तुम्ही पाहिल्यात ना, आख्खा हात आत जावा अशा? बाहेर पंचेचाळीस अंशांचा जाळ असतो, पण आत खाली सावली आणि थोडी ओल शिल्लक असते. मिरगाच्या सरी आल्या, भेगा मिटायला लागल्या, की ही मंडळी वर येतात, आणि पहिल्या पावसानंतर पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली झुंबड उडते ती बघून गाडीवाले हेल्मेट काढत नाहीत. मादी ओल्या मातीत नळी खुपसून एकेक अंडं घालते, एकूण शेकड्यांनी. दहा-पंधरा दिवसांत मुंगीएवढी पिलं बाहेर येतात. ही पिलं मुकी. आठ-दहा वेळा कात टाकतात, आणि दर वेळी कातीतून निघालेलं पिलू काही तास पांढरंफेक असतं. पोरं ते बघून भूत सापडलं म्हणत पळत येतात, तोवर ते आपली कातही खाऊन टाकतं आणि पुन्हा काळं होतं. शेवटच्या कातीला पंख येतात. मिरगात घातलेली अंडी पोळ्याच्या सुमारास वाजायला लागतात, ती अशी. त्यानंतरचं आयुष्य फार तर दोनेक महिन्यांचं, आणि त्यातलं सगळं काम रात्रीचं.

आणि हे काम महाग आहे, लेकरांनो. सबंध वावराला ऐकू जाईल अशी हाक मारायची, तर ती फक्त हव्या त्या कानावर पडेल असं कुठं आहे? वाजवणाऱ्या नराच्या आसपास बिनआवाजी नर लपून बसतात, स्वतः काही कष्ट करत नाहीत, हाकेला येणाऱ्या मादीला वाटेतच अडवतात. हे तरी परवडलं. विल्यम केड या शास्त्रज्ञानं १९७५ साली टेक्सासमधली एक माशी दाखवून दिली, ती रात्री रातकिड्याच्या आवाजावर येते आणि त्याच्यावर नि त्याच्या आजूबाजूला आपल्या बारीक जिवंत अळ्या टाकून जाते. अळ्या त्याच्या अंगात शिरतात, आतून खातात, आणि आठवड्याभरात बाहेर पडतात, तो मरतो. या माशीचे दोन कान तिच्या छातीवर, एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर. इतक्या जवळच्या दोन कानांनी दिशा कळायलाच नको, पण ते दोन्ही पडदे आतून एका दांडीनं जोडलेले आहेत, आणि त्या जोडणीमुळं ती दिशा दोन अंशांच्या आत अचूक धरते. तिची नक्कल करून बहिऱ्यांच्या यंत्रासाठी बारीक मायक्रोफोन करण्याचे प्रयत्न चालले आहेत.

ही माशी हवाई बेटांवर पोचली. तिथल्या रातकिड्यांचं पुढं काय झालं ते मार्लीन झुक आणि त्यांच्या सोबत्यांनी कवाई बेटावर पाहिलं. आधी ऐकू येणारे रातकिडे कमी होत गेले, आता संपलेच असं वाटायला लागलं. मग २००३ साली रात्री दिवा घेऊन बघतात तर रातकिडे गवतात ढिगानं, पण गप्प! नव्वद टक्क्यांहून जास्त नरांच्या पंखांवरचे दाते जवळजवळ नाहीसे, पंख मादीसारखे सपाट. वीसेक पिढ्यांच्या आत एका जन्मजात बदलानं सबंध बेट मुकं करून टाकलं, कारण ओरडणारे मेले आणि मुके तगले. मग यांची लग्नं कशी होतात? जे थोडे अजून वाजवतात त्यांच्या भोवती हे सारे मुके गोळा होऊन बसतात. आणि पुढं काही वर्षांनी तिथल्याच दुसऱ्या बेटावर रॉबिन टिंघिटेला यांना असे नर सापडले, की जे हळू घुरघुरतात. जवळच्या मादीला ती घुरघुर कळते आणि माशीच्या कानात मात्र ती फारशी भरत नाही.

फ्रान्समध्ये फाब्र नावाचे एक शाळामास्तर होते, किड्यांची आयुष्यं बघत बसण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी रातकिडे पकडणाऱ्या एका गांधीलमाशीचं लिहून ठेवलंय. ती रातकिड्याला उताणा पाडते आणि अंगात तीन ठिकाणी डंख मारते, जिथून त्याचे पाय चालतात नेमक्या त्या नसांवर. तो मरत नाही, नुसता लुळा पडतो, म्हणजे तिच्या अळीला ताजं जेवण. त्याला ओढत बिळाशी आणते, दाराशी ठेवते, आत जाऊन सगळं ठीक आहे ना बघते, मग आत ओढते. फाब्रनी काय केलं, ती आत गेली की रातकिडा जरा लांब सरकवून ठेवला. ती बाहेर आली, त्याला पुन्हा दाराशी आणून ठेवला, आणि पुन्हा आत तपासायला गेली! यांनी पुन्हा सरकवला. चाळीस वेळा हा खेळ झाला म्हणतात, आणि चाळीसही वेळा तिनं आत जाऊन पाहिलंच. आमच्या घरी कुलूप लावल्यावर ते पुन्हा ओढून बघणारं एक माणूस होतं, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

गांधीलमाशीला सोडा, रातकिडा कोणाला नको आहे? बेडूक, पाल, सरडा, कोळी, विंचू, पिंगळा, खाटीक, मुंगूस, वटवाघूळ. दसऱ्याला आमच्याकडं निळकंठ दिसावा म्हणून माणसं सकाळपासून तारांकडं माना वर करून फिरतात. तेलुगू शेजाऱ्यांची ती पालपिट्टा, तेलंगणाचा राज्यपक्षी. माणूस तिला शोधत असतो आणि ती वर बसून खाली धुऱ्यावर रातकिडे नि टोळ शोधत असते. पावसानं वाढवलेली ही सगळी मांसल फौज त्या दिवसांत पिकून तयार झालेली असते. गवतात, कुजक्या पानांत, बियांत जे काही सत्त्व आहे ते या पक्ष्याला थेट खाता येत नाही. ते रातकिड्याच्या पोटातून जाऊन मग त्याच्या पिलांच्या चोचीत पडतं.

आणि रातकिडा काय खातो? काय नाही खात ते विचारा. कव्वालच्या रानात सागाची केवढाली पानं गळून पडतात, ती कुरतडून भुगा करणाऱ्यांत हाही आहे; उरलेलं काम बुरशी करते. मेलेले किडे खातो, दुसऱ्या किड्यांची अंडी खातो, भूक लागली तर भाऊबंदही खातो. वावरात कापसाचा नुकता वर आलेला कोंब तो रात्रीतून कापतो, सकाळी शेतकरी शिव्या देतो आणि नांग्या भरत बसतो, हे खरंच आहे. पण त्याच रात्री, त्याच वावरात, हा तणाच्या बियाही खात असतो. अमेरिकेतल्या शेतांवर याचे हिशेब झालेत, राजगिऱ्याच्या जातीच्या तणाच्या बारीक बिया हा शेकड्याच्या हिशेबानं फस्त करतो. कापलेला कोंब शेतकऱ्याला दिसतो, न उगवलेलं तण दिसत नाही, त्यामुळं रातकिड्याच्या खात्यावर जमेची बाजू कोणी लिहीत नाही. माझं मत विचाराल तर चार नांग्या भराव्या लागल्या तरी धुऱ्यावरचा थोडा पालापाचोळा तसाच ठेवावा. ते मत आमच्या घरातच कोणी मानत नाही, ती गोष्ट निराळी.

एक मात्र ऐकून अंगावर काटा येतो. केसाएवढा बारीक आणि वीतभर लांब असा एक कृमी असतो, तो रातकिड्याच्या पोटात वाढतो. पूर्ण वाढला की त्याला पाण्यात जायचं असतं, कारण त्याची पिलावळ पाण्यातच होते. मग तो रातकिड्याचं डोकं फिरवतो. पाण्याला भिणारा तो प्राणी ओढ्याकाठी येतो आणि सरळ आत उडी टाकतो. कृमी त्याच्या अंगातून उलगडत बाहेर पडतो आणि पोहत जातो. असे काळे केस डबक्यात वळवळताना बघून युरोपातले लोक कित्येक शतकं समजत होते, की घोड्याच्या शेपटीचा केस पाण्यात पडून जिवंत होतो. जपानच्या ताकुया सातो यांनी २०११ साली हिशेब मांडला, तर तिथल्या एका डोंगरी ओढ्यातल्या माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे साठ टक्के ऊर्जा अशा उड्या मारणाऱ्या रातकिड्यांच्या भाईबंदांतून येत होती. मासे किड्यांनी भरपेट झाले की पाण्यातले बारीक जीव वाचतात, आणि ते जीव वाचले की ओढ्यातला पालापाचोळा लवकर कुजतो. कुठला पोटातला कृमी आणि कुठला ओढ्याचा तळ. कुंटाळ्याच्या धबधब्याखाली कडेमच्या पाण्यात असं काही चालत असेल का, ते बघायला कोणीतरी रात्रीचं बसायला हवं.

राहिली लहान चणीच्या नराची गोष्ट. मोठा नर जोरात वाजवतो, माद्या जोराच्या आवाजाला जातात. जो जन्मानंच बारका, त्यानं काय करावं? गप्प बसून दुसऱ्याच्या दाराशी लपणं हा एक मार्ग सांगितलाच. पण दक्षिण भारतात झाडाझुडपांवर राहणारा एक नाजूक, फिकट हिरवा रातकिडा आहे, त्याच्या बारक्या नरांनी दुसराच मार्ग काढलाय. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी, नताशा म्हात्रे, रित्तिक देब, यांनी वर्षानुवर्षं रात्री झुडपांत बसून हे पाहिलं. तो एक मोठं पान निवडतो, पानाच्या मधोमध आपल्या पंखांएवढं भोक कुरतडतो, त्यातून डोकं आणि पुढचं अंग बाहेर काढतो, आणि पंख पानाला लावून वाजवतो. आवाज दुप्पट-तिप्पट होतो. कसा, ते लग्नातल्या डीजेवाल्याला विचारा: स्पीकरचा नुसता पडदा पेटीतून काढून वाजवला तर फुसका वाजतो, कारण पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हाच मागं हवा ओढतो, आणि ती दोन्ही कडेनं वळून एकमेकांना मारून टाकतात, पेटीत बसवला की मागची हवा मागंच अडते. पान म्हणजे ती पेटी. मोठ्या नरांना याची गरज नसते, ते क्वचितच करतात. बारके करतात, आणि माद्या फसतात. आणि म्हात्रे यांच्या अभ्यासातली गंमत अशी, की ज्यानं आधी कधीच भोक पाडलेलं नाही असा नरही पहिल्याच खेपेला योग्य मापाचं भोक योग्य जागी पाडतो.

हे सगळं रानतुळशीच्या पानांवर बघितलं गेलं, आणि रानतुळस तर आपल्या रस्त्यांच्या कडेला, पडीक वावरांत पाहिजे तितकी माजलेली आहे. अळीनं खाल्लेलं पान बहुधा कडेनं कातरलेलं असतं. कडा शाबूत असून मधोमध लांबट, साफ भोक असलेलं मोठं पान दिवसा कुठं आढळलं, तर त्या झुडपाची खूण ठेवायची आणि अंधार पडल्यावर तासाभरानं, चपला न वाजवता, तिथं जायचं.